दख्खनच्या आकाशातले स्फटिक

हैदराबादहून २८ एप्रिल १९६८ रोजी पॉलिथिनचा एक प्रचंड फुगा आकाशात चढला. त्याच्याखाली लोंबणाऱ्या पेटीत सोडियम आयोडाइडचा एक पातळ स्फटिक होता आणि त्याचा रोख होता वृश्चिक राशीतल्या स्कॉर्पियस एक्स-१ या ठिकाणाकडे. सूर्यमालेबाहेरचा हा पहिला क्ष-किरण स्रोत रिकार्डो जाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९६२ साली अमेरिकेत रॉकेटवरून सापडला होता. सहा वर्षांच्या आत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या, म्हणजे टीआयएफआरमधल्या मंडळींनी तो दख्खनच्या आकाशातून मोजला. त्या कामावरच्या शोधनिबंधांत अग्रवाल, बिस्वास, गोखले, अय्यंगार, कुंटे, मनचंदा, श्रीकांतन अशी नावं एका ओळीत दिसतात. बलूनवरून क्ष-किरण आणि गॅमा किरण टिपण्याचा भारतातला मोठा अध्याय इथून सुरू झाला.

या अध्यायाची एक बाजू नीट नोंदलेली आहे. फुगा कधी सुटला, किती उंच गेला, स्फटिकानं किती किरण मोजले, हे सगळं शोधनिबंधांत छापलेलं आहे. पण फुगा जितका वर जातो तितकीच त्याची पेटी खाली येते, आणि ती हैदराबादेत येत नाही. ती येते नांदेड, लातूर, यवतमाळ, चंद्रपूर, बीदर किंवा आदिलाबादच्या कुणाच्या तरी रानात. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं इचोडा, त्याच्या आजूबाजूचं बोथ, उटनूर, इंद्रवेल्ली हा सगळा मुलूख याच आकाशाखाली येतो. तिथल्या बाजारात तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू एकाच दुकानासमोर ऐकू येतात. १९५६च्या भाषावार प्रांतरचनेपर्यंत राजुरा तालुकाही आदिलाबाद जिल्ह्यातच होता. सीमा माणसांनी आखल्या. फुगे मात्र वाऱ्याच्या मर्जीनं जातात.

पण त्या पेटीत स्फटिकच का? गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत, फोटोच्या काचेवर त्यांची मोजदाद नीट होत नाही आणि बऱ्याच पदार्थांतून ते आरपार निघून जातात. त्यांना पकडायचं तर असा पदार्थ हवा की ज्यात किरण अडकेल, आणि अडकला की तसा इशारा देईल. काही स्फटिक हे काम करतात. किरणानं आपली ऊर्जा आत टाकली की क्षणभर त्यातून मंद प्रकाश फुटतो. अशा पदार्थाला सिंटिलेटर म्हणतात.

सुरुवातीला हा प्रकाश माणसं डोळ्यांनीच मोजत होती. विल्यम क्रुक्स यांनी १९०३ साली झिंक सल्फाइडच्या पडद्यावर अल्फा कणांच्या ठिणग्या दाखवणारं छोटंसं उपकरण केलं. १९०९ साली मँचेस्टरला रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन याच ठिणग्या अंधाऱ्या खोलीत बसून मोजत. आधी डोळे अंधाराला सरावू द्यायचे, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, आणि डोळा थकला की दुसऱ्यानं बसायचं. अणूला केंद्रक असतं हे ज्ञान त्या खोलीतल्या मोजणीतून आलं. पण गॅमा किरणांसाठी ती पद्धत निरुपयोगी होती. झिंक सल्फाइडचा थर पातळ, त्यात गॅमा अडकतच नाही.

पुढचं पाऊल पडलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. तोवर फोटोमल्टिप्लायर नळी आली होती. प्रकाशाच्या एकेका कणाचं रूपांतर ती मोजता येईल अशा विद्युत स्पंदात करू शकत होती. युद्धानं मोडलेल्या बर्लिनमध्ये हार्टमुट कालमान यांनी १९४७ साली डांबर गोळ्यांच्या नॅफ्थॅलीनचा जाड तुकडा नळीसमोर ठेवला आणि गॅमा किरणांच्या चमका मोजून दाखवल्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी सोडियम आयोडाइडमध्ये किंचित थॅलियम मिसळून स्फटिक तयार केला. तेव्हापासून गॅमा मोजणीच्या जगात या स्फटिकाचं स्थान अढळ आहे. हॉफस्टॅटर यांना १९६१ साली नोबेल मिळालं ते अणुकेंद्रकावरच्या वेगळ्या कामासाठी, पण जगभरच्या इस्पितळांत आणि प्रयोगशाळांत त्यांचं नाव या स्फटिकामुळे जास्त वेळा निघतं.

सोडियम आयोडाइडनं असं काय केलं? पहिली गोष्ट, आयोडीनचा अणू जड आहे. त्याचा अणुक्रमांक ५३. जड अणूत गॅमा किरण पूर्ण गिळला जाण्याची शक्यता झपाट्यानं वाढते. दुसरी, प्रकाश भरपूर मिळतो. दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या एका गॅमा किरणामागे या स्फटिकातून सुमारे ३८,००० प्रकाशकण बाहेर पडतात. तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची: प्रकाश किती पडला यावरून किरणाची ऊर्जा काढता येते. नुसतं 'किरण आला' एवढं गायगर काउंटरही सांगतो. कोणता किरण आला, म्हणजे सीझियमचा, पोटॅशियमचा की थोरियमच्या घराण्यातला, हे स्फटिक सांगतो.

एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी हे स्वतः करून पाहिलेलं असतं. प्रयोगशाळेतला स्फटिक बहुधा दोन इंच व्यासाचा आणि दोन इंच उंचीचा असतो, ॲल्युमिनियमच्या डब्यात बंद केलेला. डब्याच्या आत पांढऱ्या पुडीचं अस्तर असतं, म्हणजे प्रकाश बाजूंना वाया न जाता परत फिरतो. एका तोंडाला काच, काचेवर पारदर्शक ग्रीसचा पातळ हात, आणि त्याला टेकलेली फोटोमल्टिप्लायर नळी. समोर सीझियम-१३७चा छोटा स्रोत ठेवला की आलेखात ६६२ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टवर एक शिखर उभं राहतं, आणि त्याच्या डावीकडे कॉम्प्टन विखुरणाचं पसरट पठार. पठार म्हणजे जे किरण अर्धीमुर्धी ऊर्जा टाकून निसटले त्यांची नोंद. शिखराची रुंदी मोजायची, तिला शिखराच्या जागेनं भागायचं. उत्तर सात टक्क्यांच्या आसपास आलं तर स्फटिक ठणठणीत. हाच आकडा दहा-बाराच्या घरात गेला की शिक्षक डबा उलटा करून काचेतून पाहतात. आतला रंगहीन स्फटिक पिवळसर दिसत असेल तर कुठून तरी ओल शिरलेली असते. सोडियम आयोडाइड हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात फट पडलेला डबा फार दिवस तग धरत नाही.

ही शिखराची रुंदी म्हणजे स्फटिकाची खरी कसोटी. ती कशावर ठरते, हे समजून घेण्यासारखं आहे. ६६२ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचा किरण सुमारे २५,००० प्रकाशकण देतो; त्यातले बरेच वाटेत हरवतात, आणि जे नळीपर्यंत पोचतात त्यांतल्या साधारण पाचातल्या एकालाच इलेक्ट्रॉन सोडवता येतो. हातात उरणारी संख्या काही हजारांची. दर वेळी ती थोडी कमीजास्त होणारच, आणि या चढउतारानंच शिखर पसरतं. म्हणून स्फटिक बनवणाऱ्यांची सगळी धडपड जास्त प्रकाश, स्वच्छ स्फटिक आणि सर्वत्र सारखं मिसळलेलं थॅलियम यांसाठी असते.

हे उपकरण जमिनीवर ठेवून आकाशातले गॅमा किरण मोजता येत नाहीत, कारण वातावरण त्यांना खाली येऊ देत नाही. समुद्रसपाटीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरच्या डोक्यावर सुमारे एक किलो हवा असते. चाळीस किलोमीटर उंचीवर तीच हवा तीन-चार ग्रॅम उरते, आणि तिथून आकाश उघडं दिसू लागतं. रॉकेट तिथे पोचतं, पण चार-पाच मिनिटांत परत येतं. फुगा तिथे तासन् तास तरंगतो, आणि खर्चही कमी.

मग हैदराबादच का? टीआयएफआर मुंबईची, पैसा अणुऊर्जा खात्याचा, आणि फुगे सुटतात ते निजामाच्या जुन्या राजधानीतून. याचं उत्तर पृथ्वीच्या चुंबकत्वात आहे. अवकाशातून येणारे विद्युतभारित कण, म्हणजे वैश्विक किरण, चुंबकीय विषुववृत्ताजवळ वळवून परत लावले जातात. हैदराबादवर साधारण १७ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी ऊर्जेचा प्रोटॉन सरळ वरून उतरूच शकत नाही. अमेरिकेतलं प्रसिद्ध बलून केंद्र टेक्सासमधल्या पॅलेस्टाइन गावी आहे. तिथे हा उंबरठा चार-पाच अब्जांच्या आसपास. या कणांची बरसात जितकी कमी, तितका स्फटिकातला खोटा गोंगाट कमी, आणि दूरच्या ताऱ्याचा क्षीण आवाज ऐकू येण्याची शक्यता जास्त. दख्खनच्या पठाराला निसर्गानं दिलेला हा मोठा लाभ होता, आणि होमी भाभांनी तो फार लवकर ओळखला. संस्थेच्या अगदी पहिल्या वर्षांत, १९४०च्या दशकातच, त्यांनी रबरी फुग्यांना गायगर काउंटर बांधून वेगवेगळ्या अक्षांशांवर वैश्विक किरणांची मोजणी सुरू केली होती.

लाभाबरोबर एक अडचणही होती. विषुववृत्ताकडच्या आकाशात सोळा-सतरा किलोमीटरवर अतिथंड थर असतो. तिथलं तापमान उणे ८० अंशांच्याही खाली जातं, समशीतोष्ण देशांतल्यापेक्षा कितीतरी जास्त गार. त्या थरात प्लास्टिक ठिसूळ होऊन फुगे फुटत. हा थर पार करू शकेल असं पॉलिथिन शोधणं, त्याचे लांबच लांब पट्टे उष्णतेनं सांधणं, सांध्यावर भार सोसणाऱ्या फिती बसवणं, हे सगळं टीआयएफआरच्या लोकांनी हातानं, चुका पचवत शिकून घेतलं. फुग्याचं प्लास्टिक कागदापेक्षा पातळ असतं; टेबलावर पसरताना नखाचा ओरखडा गेला तरी तो फुगा वरच्या थंडीत टिकत नाही. विज्ञानाच्या इतिहासात शोधनिबंध लिहिणाऱ्यांची नावं राहतात आणि सांधे जोडणाऱ्यांची राहत नाहीत. हैदराबादच्या फुग्यांच्या बाबतीत तरी हा अन्याय मोठा आहे, कारण सांधा सुटला असता तर निबंध लिहायला काहीच उरलं नसतं.

१९६९ साली हैदराबादेत फुगे सोडण्यासाठी कायमचं केंद्र उभं राहिलं. पत्ता आजही ईसीआयएल पोस्ट, हैदराबाद ६२ असा आहे. शेजारचं ईसीआयएल म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. १९६७ साली स्थापन झालेल्या या सरकारी कारखान्यानं पुढे गॅमा किरणांचा आलेख काढणारी यंत्रं देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवली. स्फटिक उडवणारं केंद्र आणि स्फटिकाचे स्पंद मोजणाऱ्या यंत्रांचा कारखाना असे शेजारीशेजारी वसले.

फुगे सुटतात ते मुख्यतः हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, रात्री किंवा पहाटे, जमिनीवरचा वारा पडलेला असताना. आत हायड्रोजन भरतात. जमिनीवर फुग्याचा फक्त माथा फुगलेला असतो, बाकीचं प्लास्टिक खाली लांब लोंबत राहतं. वर हवा विरळ होत गेली की वायू पसरतो, आणि तीस-चाळीस किलोमीटरवर त्याच फुग्याचा व्यास पन्नास ते पंच्याऐंशी मीटर होतो. दीड-दोन तासांच्या या चढणीत स्फटिकाची मोठी परीक्षा होते. सोडियम आयोडाइडला तापमानातला अचानक बदल सोसत नाही. भेग गेली की प्रकाश विखुरतो आणि शिखर बिघडतं. तापमान उतरलं की नळीचं उत्तरही बदलतं. त्यामुळे पेटीला थर्माकोलचं जाड कवच असतं, आणि उड्डाणभर अमेरिशियमसारखा ओळखीचा स्रोत अधूनमधून स्फटिकाला दाखवून मोजपट्टी जागेवर आहे ना, हे तपासत राहावं लागतं.

गोंगाट कमी करण्याच्या युक्त्या वर्षागणिक सुधारत गेल्या. सुरुवातीच्या पेटीत शिसं, कथील आणि तांबं यांचे एकाआड एक थर, समोर दृष्टी अरुंद करणारी जाळी, एवढ्यावर भागवायचं. पण शिसं जड, आणि वैश्विक किरण आदळला की शिशातूनच नवे गॅमा निघतात. मग आली जोडस्फटिकाची, फॉस्विचची युक्ती: समोर सोडियम आयोडाइड, मागे सीझियम आयोडाइड, आणि दोघांना मिळून एकच नळी. सोडियम आयोडाइडचा प्रकाश सुमारे २३० नॅनोसेकंदांत विझतो, सीझियम आयोडाइडचा त्याच्या कितीतरी पट सावकाश. स्पंदाचा आकार पाहून कळतं की किरण समोरून येऊन पुढच्याच स्फटिकात थांबला, की मागून-बाजूनं शिरून दोन्हीकडे ऊर्जा सांडून गेला. दुसऱ्या प्रकारचा सरळ बाद. दामले, कुंटे, नारनन, श्रीकांतन यांनी १९८०च्या दशकात कॅनडातल्या सहकाऱ्यांबरोबर हैदराबादहून कडक क्ष-किरणांचे स्रोत पाहिले. पुढे मनचंदा यांच्या गटानं 'लेझ' नावाची मोठ्या क्षेत्रफळाची स्फटिक-दुर्बीण उडवली. त्या आधी, जानेवारी १९७५मध्ये, चंद्र क्रॅब तेजोमेघाला झाकून जात असताना जपानी शास्त्रज्ञ आणि टीआयएफआर यांनी मिळून फुग्यावरून निरीक्षण केलं होतं. चंद्राच्या कडेनं किरण टप्प्याटप्प्यानं कसे बंद होतात, यावरून तेजोमेघाच्या तेजस्वी भागाचा आकार काढायचा, अशी ती सुरेख कल्पना होती.

काम झालं की रेडिओवरून आज्ञा जाते, फुगा आणि पेटी वेगळे होतात, आणि रंगीत हवाई छत्री उघडते.

इथे आदिलाबादचा मुलूख या कथेत शिरतो. दर मोसमाच्या आधी टीआयएफआर वर्तमानपत्रांत आणि आकाशवाणीवर निवेदन देते. त्यात जिल्ह्यांची लांबलचक यादी असते: तेलंगणातले आदिलाबाद, निजामाबाद, करीमनगर, मेदक, कर्नाटकातले बीदर, गुलबर्गा, महाराष्ट्रातले नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली आणि आणखी कितीतरी. पेटी हैदराबादपासून दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरच्या टापूत उतरू शकते. इचोडा बरोबर त्या टापूच्या आतल्या कडेला आहे. निवेदनात सांगितलेलं असतं की छत्रीच्या खाली वीस ते चाळीस मीटर लांब दोरावर उपकरणं बांधलेली असतात, काहींत उच्च दाबाची वीज असू शकते, म्हणून पेटी उघडू नये, हलवू नये. जवळच्या पोलीस ठाण्यात, पोस्टात किंवा तहसीलीत कळवावं. कळवणाऱ्याला बक्षीस आणि कळवण्याचा खर्च मिळतो, मात्र पेटीत छेडछाड झालेली असेल तर बक्षीस नाही.

उच्च दाबाची ती वीज फोटोमल्टिप्लायर नळीचीच. म्हणजे स्फटिकाच्या कामाची एक बारीकशी खूण त्या सरकारी भाषेतल्या निवेदनातही उमटलेली आहे.

पेटी परत मिळणं का गरजेचं, तेही सांगायला हवं. मोजणीचे आकडे रेडिओवरून येत असत, पण उपकरण पुन्हा वापरायचं असे. मोठा, स्वच्छ स्फटिक महाग. तोही बराच काळ परदेशातून, परकीय चलन मोजून आणावा लागे. तो शाबूत मिळाला तर पुढच्या मोसमात पुन्हा उडतो. शेतकऱ्यानं एक फोन केला किंवा पोलीस पाटलानं रात्रभर पेटीवर राखण ठेवली, तर त्यावर पुढच्या निरीक्षणाचं भवितव्य ठरत असे. या पेट्यांनी स्फटिकांखेरीज इतरही माल आणला. २००५च्या एका उड्डाणात गोळा केलेल्या उंचावरच्या हवेतून जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. २००९ साली त्या जाहीर झाल्या तेव्हा एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं नाव दिलं गेलं.

आकाश सोडून जमिनीकडे पाहिलं, तरी या मुलखात स्फटिकाला सांगण्यासारखं बरंच आहे. ग्रॅनाइटमध्ये पोटॅशियम, थोरियम, युरेनियम जास्त असतात, काळ्या बेसाल्टमध्ये फार कमी. निर्मळच्या बाजूला ग्रॅनाइटचे उघडे खडक दिसतात. घाट चढून इचोड्याकडे आलं की बेसाल्ट आणि कापसाची काळी जमीन सुरू होते. डोळ्याला जो बदल मातीच्या रंगात दिसतो, तो स्फटिकाला गॅमा किरणांच्या मोजणीत दिसतो. हैदराबादच्या बेगमपेठेत मुख्यालय असलेलं अणुखनिज संचालनालय हेच तत्त्व वापरून विमान आणि हेलिकॉप्टरमधून खनिजांचा माग काढतं. त्यासाठी सोडियम आयोडाइडचे चार इंच रुंद आणि सोळा इंच लांब ठोकळे जोडीनं बसवतात. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्लमपल्ली-मंदामर्रीच्या कोळसापट्ट्यातही भूविज्ञानाची हीच भाषा चालते. बोअरमध्ये बारीक स्फटिक सोडला की चिकणखडकात आकडा चढतो आणि कोळशाच्या थरात पडतो, आणि थर किती खोलीवर आणि किती जाड, हे दगड वर न काढता समजतं.

फुग्यांच्या काळातच अवकाशातही स्फटिक पोचले होते. अमेरिकेचे व्हेला उपग्रह चोरून होणाऱ्या अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी सीझियम आयोडाइडचे छोटे ठोकळे घेऊन फिरत. २ जुलै १९६७ रोजी त्यांना कुठल्याच बॉम्बशी न जुळणारा गॅमा किरणांचा स्फोट दिसला. असे आणखी स्फोट जमा झाल्यावर १९७३ साली शोध जाहीर झाला: हे स्फोट पृथ्वीवरचे नाहीत, सूर्याचेही नाहीत. १९९१ साली अवकाशात गेलेल्या कॉम्प्टन वेधशाळेच्या आठ कोपऱ्यांवर सोडियम आयोडाइडच्या अर्धा मीटर व्यासाच्या चकत्या होत्या. त्यांनी नऊ वर्षांत २,७०४ स्फोट नोंदले. ते आकाशात सगळीकडे सारखे पसरलेले निघाले, म्हणजे आपल्या आकाशगंगेपलीकडचे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वलहरी आल्या आणि १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहावरच्या सोडियम आयोडाइडनं त्याच घटनेचा गॅमा स्फोट टिपला.

भारतानं ही वाट धरली ती ॲस्ट्रोसॅटनं. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या या उपग्रहात टीआयएफआरच्या नेतृत्वाखाली आणि पुण्याच्या आयुकासह अनेक संस्थांच्या सहभागानं बनलेलं सीझेडटीआय हे उपकरण आहे. त्याचा वरचा थर कॅडमियम झिंक टेल्युराइडचा, म्हणजे अर्धवाहकाचा आहे. पण त्याच्याखाली थॅलियमयुक्त सीझियम आयोडाइडचे दोन सेंटिमीटर जाड स्फटिक आहेत. त्यांना नेमलं होतं राखणदारीसाठी: बाजूनं, मागून शिरणारे कण ओळखून बाद करायला. प्रत्यक्षात राखणदारानं स्वतःच शिकार केली. वरच्या थराला न दिसणाऱ्या जास्त ऊर्जेत हे स्फटिक गॅमा स्फोट टिपू लागले. उपकरण चालू केलं त्याच दिवशी, ६ ऑक्टोबर २०१५ला, पहिला स्फोट मिळाला, आणि नोव्हेंबर २०२३मध्ये संख्या सहाशेवर गेली. १९६८च्या पेटीतल्या पातळ चकतीपासून इथवरची वाट सलग आहे: त्याच संस्थेच्या पुढच्या पिढ्या, आणि स्पंद ओळखण्याची, गोंगाट गाळण्याची फुग्यांवर कमावलेली तीच विद्या.

स्फटिक स्वतः घडवण्याचं कामही मुंबईतच झालं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात टेक्निकल फिजिक्स डिव्हिजननं सोडियम आयोडाइड आणि सीझियम आयोडाइड वाढवण्याचं तंत्र बसवलं. बंद क्वार्ट्झ नळीत क्षार सहाशे अंशांच्या वर वितळवायचा आणि नळी तासाला काही मिलिमीटर इतक्या संथपणे थंड भागाकडे उतरवायची. घाई केली तर स्फटिकात बुडबुडे राहतात, ताण राहतो, आणि कापताना तो तडकतो. अलीकडे तिथे गॅडोलिनियम, गॅलियम आणि ॲल्युमिनियमच्या गार्नेटमध्ये सीरियम मिसळून नवा स्फटिक वाढवला गेला. तो इरिडियमच्या मुशीत अठराशे अंशांच्या वर वितळवावा लागतो आणि वितळलेल्या रसातून हळूहळू फिरवत वर ओढावा लागतो. पण एकदा तयार झाला की ओल लागत नाही, घनता सोडियम आयोडाइडच्या जवळपास पावणेदोन पट, आणि प्रकाश त्याच्यापेक्षा जास्त. जगात याहून सरस शिखर देणारा स्फटिकही आहे: नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २००१ साली पुढे आणलेला लँथॅनम ब्रोमाइड, रुंदी तीन टक्क्यांच्याही आत. मात्र तो ओलीला सोडियम आयोडाइडइतकाच हळवा आहे, आणि लँथॅनमची स्वतःची किंचित किरणोत्सारिता त्याच्या आलेखात कायम डोकावते. सगळे गुण असलेला स्फटिक अजून कुणालाच सापडलेला नाही.

सामान्य माणसाची या स्फटिकांशी गाठ पडते ती इस्पितळात. परळला टाटा मेमोरियलच्या आवारालगत १९६३ साली किरणोत्सर्ग वैद्यक केंद्र सुरू झालं, आणि थायरॉइडच्या रुग्णाच्या गळ्यासमोर सोडियम आयोडाइड ठेवून आयोडीन किती शोषलं गेलं ते मोजण्याची पद्धत इथे रुजली. हाल अँगर यांच्या १९५८च्या गॅमा कॅमेऱ्यातही तोच स्फटिक होता, आणि आजच्या बोन स्कॅनच्या बहुतेक यंत्रांत तोच आहे: सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा एकसंध मोठा पत्रा. इचोड्याचा रुग्ण स्कॅनसाठी नागपूरला गेला काय किंवा हैदराबादला, त्याच्या अंगातून निघणारा किरण शेवटी अशाच एका स्फटिकात विसावतो.

इतकं सगळं लिहिलेलं सापडतं. सापडत नाही ती उतरलेल्या पेट्यांची बाजू. कोणत्या गावच्या शिवारात छत्री पडली, प्रथम कुणी पाहिली, गोंडगुड्यात किंवा तांड्यावर लोकांना काय वाटलं, जीप येईपर्यंत राखण कुणी केली, बक्षिसाच्या पैशांचं काय झालं, याच्या नोंदी शोधनिबंधांत नसतात आणि गॅझेटियरांतही नाहीत. १९६०-७०च्या दशकांत ज्यांनी हे पाहिलं ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आदिलाबाद, नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर, लातूर, बीदर इथल्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र आणि इतिहास विभागांनी एकत्र येऊन हे काम हाती घ्यावं: तेलुगू, मराठी, गोंडी, कन्नड, ज्या भाषेत आठवण असेल त्या भाषेत ती ध्वनिमुद्रित करावी, गावाचं नाव आणि साल लिहावं, आणि एक प्रत ईसीआयएल पोस्ट, हैदराबाद ६२ या पत्त्यावर पाठवावी. ज्या वाचकांच्या घरी अशी आठवण सांगणारं कुणी आहे, त्यांनी वही-पेन घेऊन याच आठवड्यात त्यांच्याजवळ बसावं.